९ किलो चरबी गेली कुठे?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय ४१. गेल्या ८ महिन्यांत माझं वजन ७६ किलोवरून ६७ वर आलं. रोज पाऊण तास चालते, संध्याकाळचं फरसाण आणि साखरेचा चहा सोडला, रात्रीच्या तीन पोळ्यांची एक केली. सगळ्या ब्लाऊजना बाजूने टीप मारून घ्यावी लागली. माझा नववीतला मुलगा परवा म्हणाला, "आई, ९ किलो म्हणजे ५ किलोच्या तांदळाच्या जवळजवळ दोन पिशव्या. एवढं गेलं कुठे?" जिममधले सर म्हणतात घामातून गेलं. सासूबाई म्हणतात वितळून लघवीवाटे गेलं. आमचे डॉक्टर म्हणाले त्याची ऊर्जा झाली. मुलाला यातलं एकही उत्तर पटलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : मुलाची पाठ माझ्या वतीने थोपटा. ३१ वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. मेदाम्लं कशी जळतात त्याच्या सगळ्या पायऱ्या फळ्यावर काढल्या, परीक्षेत विचारल्या, तपासल्या. पण "एवढं गेलं कुठे?" असं साध्या शब्दांत मला कुणी विचारलं नाही आणि मीही वर्गाला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

उत्तर आधी सांगते. तुमची चरबी बहुतेक सगळी नाकावाटे गेली, श्वासातून.

आज संध्याकाळी देवापुढे निरांजन लावाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा. फुलवात तुपात भिजलेली, ज्योत स्थिर. तासाभराने वात करपते, तूप संपलेलं असतं. ते ताम्हनात सांडलेलं नसतं, कुठे ओघळलेलंही नसतं. उजेड झाला म्हणावं, तर उजेड तराजूत घालता येत नाही. आता फ्रीजमधली थंड स्टीलची वाटी ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर क्षणभर उपडी धरा. वाटीच्या आत ओलसर धुकं धरतं. ते पाणी तुपातल्या हायड्रोजनपासून आत्ता तयार झालेलं आहे. तुपातला कार्बन मात्र डोळ्यांना न दिसता कार्बन डायऑक्साइड होऊन खोलीच्या हवेत मिसळतो. तूप हवेत गेलं, एवढीच गोष्ट आहे.

तुमच्या पोटावरची चरबी ही त्या तुपाची सख्खी नातेवाईक. दोन्ही ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला अडकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून चौथं काही नसतं. माणसाच्या चरबीचा सरासरी रेणू घेतला तर त्यात ५५ अणू कार्बनचे, १०४ हायड्रोजनचे आणि ६ ऑक्सिजनचे. तो पुरता जळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू निघतात. नववीतल्या मुलाला दोन्ही बाजूंचे अणू मोजून ताळा करायला सांगा. बरोबर जुळतो.

किलोंमध्ये मांडलं तर आकडे चकित करतात. १० किलो चरबी जळायला हवेतून २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होतं. म्हणजे चरबी १० किलो आणि बाहेर पडलं ३९ किलो! वरचे २९ किलो हवेतून आलेले, हे लक्षात ठेवलं की हिशेब चुकत नाही. आणि चरबीच्या स्वतःच्या वजनाचंच बघायचं तर १० किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात फुप्फुसांतून जातात आणि १.६ किलो पाण्याच्या रूपात.

हा हिशेब रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. मीरमन मुळात भौतिकशास्त्राचे, ब्राऊन सिडनीत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. मीरमन यांनी स्वतः वजन कमी केलं होतं आणि त्यांनाही तुमच्या मुलाचाच प्रश्न पडला होता. त्यांनी १५० डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-प्रशिक्षकांना विचारलं, चरबी जाते कुठे? सर्वाधिक लोकांचं उत्तर होतं, तिची ऊर्जा होते. तेव्हा तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. या हिशेबातलं रसायनशास्त्र कितीतरी जुनं आहे. लॅव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात लाप्लास यांच्या सोबतीने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतं ते मोजलं होतं आणि श्वसन म्हणजे संथपणे चाललेलं ज्वलन, हे दाखवलं होतं. आपण मात्र 'चरबी जळते' म्हणत राहिलो आणि जळल्यावर धूर कुठे जातो ते विचारायचं विसरलो.

'ऊर्जा झाली' हे उत्तर का चूक, तेही मुलाला समजू द्या. ऊर्जा मिळते हे खरंच. ती अणूंमधल्या बंधांतून मिळते आणि तिच्यावरच आपण चालतो, अंग गरम राहतं. पण अणू स्वतः नाहीसे होत नाहीत. वस्तुमानाचीच ऊर्जा होणं ही गोष्ट किती भयंकर असते बघा. १९४५ मध्ये हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये जेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा झाली ते एक ग्रॅमही नव्हतं. तुमच्या घरात ९ किलोंची झाली असती तर विचारायलाच नको.

सासूबाईंना सांगा की त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. चरबीपासून तयार झालेलं पाणी लघवीतून, घामातून, श्वासाच्या वाफेतून, अश्रूंतूनही जातं. फक्त तो वाटा लहान आहे.  १ किलो चरबीतून साधारण १.१ किलो पाणी तयार होतं खरं, पण त्यातलं बरंचसं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

आता तुमचा स्वतःचा हिशेब. गेलेले ९ च्या ९ किलो चरबीचे नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत काटा भराभर खाली आला असेल, तुम्ही खूश झाला असाल. त्यात बरंचसं पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजन नावाची साखरेची साठवण असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी केलं की आधी ही साठवण उपसली जाते, सोबत पाणी जातं. थोडा स्नायूही गेला असेल. आपण शुद्ध चरबी ७ किलो धरू. त्यातले ५.९ किलो तुम्ही श्वासावाटे सोडले आणि १.१ किलो पाणी होऊन गेले.

७ किलो चरबी म्हणजे ६३,००० कॅलरी. ८ महिन्यांचे २४० दिवस धरले तर रोजचे साधारण २६० होतात. तुम्ही रात्रीच्या दोन पोळ्या सोडल्या, त्यांचेच जवळजवळ एवढे भरतात. चालणं धरून खरी कपात याहून जास्त असणार, पण सणवार, लग्नकार्य असतंच आणि वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही थोडा उतरतो. तुमच्या त्या दोन पोळ्या इतक्या मोलाच्या होत्या.

शरीरात हे घडतं कसं, ते मला फार सुंदर वाटतं म्हणून सांगते. जेवून चार-पाच तास झाले की रक्तातलं इन्सुलिन उतरतं. चालायला लागलं की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं. मेदपेशीला इशारा मिळतो आणि तिच्यातली विकरं ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतात. सुटलेली मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून पिंढरीच्या, मांडीच्या स्नायूंत पोचतात. तिथे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत, त्या लांब साखळीचे टोकाकडून दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, उसाच्या कांड्या तोडाव्यात तसे. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लावर सात वार पडतात आणि आठ कांड्या होतात. या कांड्या क्रेब्स चक्रात जातात (हान्स क्रेब्स यांना त्यासाठी १९५३ चं नोबेल मिळालं) आणि तिथून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून तुमच्या नाकाबाहेर. तुम्ही पहाटे चालायला जाता, थंडीत तोंडातून वाफ निघते, त्या वाफेतल्या पाण्याचा आणि तिच्यासोबतच्या न दिसणाऱ्या वायूचा काही अंश आदल्या महिन्यात तुमच्या कमरेवर होता.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. झोप, बैठं काम, थोडी हालचाल असा दिवस धरला तर दिवसभरात पाऊण किलोच्या आसपास. त्यात कार्बन सुमारे २०० ग्रॅम. हा कार्बन रोज जाणारच, तुम्ही काही करा किंवा करू नका. जेवणातून तेवढाच कार्बन आत आला तर वजन जागच्या जागी राहतं. कमी आला तर तूट चरबीतून भरली जाते. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन करून बघा. लघवीला जाण्याआधी केलं तरी सकाळचं थोडं कमी भरतं. रात्रभर तुम्ही पाण्याची वाफ आणि कार्बन सोडत असता.

प्रश्न : चरबी श्वासातून जाते असं एका नातेवाइकाने सांगितलं. म्हणून मी रोज सकाळी अर्धा तास जोरजोरात श्वास सोडतो आहे, कपालभातीसारखा. वय ६३, रक्तदाबाची गोळी चालू. तीन आठवडे झाले, वजन हललं नाही आणि मधूनच डोकं गरगरतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हे आजपासून थांबवा. पत्र वाचून मला काळजी वाटली म्हणून तुमचा प्रश्न याच अंकात घेतला.

घंटागाडी दिवसातून चारदा आली म्हणून घरातला कचरा चौपट होत नाही. फुप्फुसं ही घंटागाडी आहे. कार्बन डायऑक्साइड किती तयार होणार ते स्नायू, यकृत, मेंदू ठरवतात, त्यांच्या कामाप्रमाणे. तुम्ही बसल्या जागी भराभरा श्वास सोडलात तर रक्तातला आधीचाच कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं, बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. चरबीचा एक जादा रेणूही त्यामुळे जळत नाही.

प्राणायामाने मन शांत होतं, तो जरूर करा, पण संथ. रक्तदाब असताना जोराची कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. श्वास वाढवायचाच असेल तर गोदाकाठाने अर्धा तास असं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तेव्हा श्वास आपोआप वाढतो, कारण आत खरोखर जास्त जळत असतं. आणि गरगरण्याचं डॉक्टरांच्या कानावर या आठवड्यातच घाला.

प्रश्न : पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घ्यावा का? तासाभरात वजन कमी झालेलं काट्यावर दाखवतात.
— एक वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : घेऊ नका. हे मी माझ्या धाकट्या बहिणीच्या अनुभवावरून सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ती एका शहरातल्या वजन घटवण्याच्या केंद्रात जात होती. मी एकदा सोबत गेले. आत गेल्यावर एका कार्डावर लाल बॉलपेनने लिहिलं, ६८.४. मग पोटाला, मांड्यांना प्लास्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळला, वर गरम होणारा पट्टा बांधला आणि ब्लँकेट घातलं. तास झाला. प्लास्टिक सोडलं तेव्हा आतून पाण्याचे ओघळ आले, टॉवेल पिळता येईल इतका भिजला. पुन्हा काटा, पुन्हा लाल पेन, ६७.५. तिथली मुलगी म्हणाली, "बघा मॅडम, ९०० ग्रॅम फॅट गेलं." बहिणीच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो आणि तो आठवला की अजून संताप येतो. एप्रिलची दुपार होती. बसस्टँडवर उभी असताना तिला भोवळ आली आणि ती खाली बसली. लिंबू सरबताचे दोन ग्लास आणि पाण्याची एक बाटली पोटात गेल्यावर ती सावरली. घरी येऊन जेवली, रात्री आमच्या काट्यावर उभी राहिली. ६८.४.

९०० ग्रॅम चरबी जाळायला ८,१०० कॅलरी खर्ची पडाव्या लागतात. पळताना माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी खर्च करतो. ६८ किलोच्या माणसाने सांगलीहून कोल्हापूरला पळत जावं आणि पळतच परत यावं, सुमारे १०० किलोमीटर, तरी ९०० ग्रॅम पुरे होत नाहीत. मग ब्लँकेटखाली पडून राहून ते कसे होतील? जातो तो घाम. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. घामग्रंथींचा चरबीच्या साठ्याशी काही संबंध नाही. अंग थंड ठेवणं हे त्यांचं काम.

पोटाला पट्टा बांधून पोटाचीच चरबी जाते हेही खरं नाही. चरबी रक्तात उतरते आणि रक्त सगळीकडे फिरतं. कुठला साठा आधी रिकामा होणार ते संप्रेरकं आणि आनुवंशिकता ठरवतात.

त्या केंद्रात भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. बहीण आता रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जाते, पायऱ्या चढते-उतरते. एका वर्षात ६ किलो उतरले आणि चार वर्षं झाली, परत आले नाहीत.

प्रश्न : सकाळी गरम पाण्याने चरबी वितळते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : वितळायचं काही शिल्लकच नाही. ३७ अंशांना माणसाची चरबी तेलासारखी पातळच असते, मेदपेशीत ती थेंब होऊन राहते. गरम पाणी बरं वाटत असेल तर प्या. मध घालणार असाल तर तो साखरेत मोजा.

प्रश्न : मी दोन वेळा १२ किलो वजन उतरवलं आणि दोन्ही वेळा ते परत आलं. माझ्यातच इच्छाशक्ती कमी आहे का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : नाही. इच्छाशक्ती कमी असती तर दोनदा १२ किलो उतरले नसते. कुणी तसं म्हणत असेल तर मनावर घेऊ नका.

चरबी कमी होते तेव्हा मेदपेशींची संख्या कमी होत नाही, त्या आकसतात. गावाकडे धान्याची कणगी असायची. उन्हाळ्यात ती तळाला जायची, पण मोडून कुणी टाकत नसे, सुगीला तीच पुन्हा भरायची. मेदपेशी तशा आहेत. हे कळलं कसं ती कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर होत. त्यांनी जगभरच्या हवेत किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत आला आणि पेशी जन्मली त्या वर्षाचा शिक्का तिच्या डीएनएवर बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी मेदपेशींवरचे हे शिक्के वाचले आणि २००८ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. मोठेपणी मेदपेशींची संख्या जवळजवळ कायम राहते, दरवर्षी त्यांतल्या १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांतही दोन वर्षांनी पेशी तेवढ्याच होत्या, फक्त लहान झालेल्या.

आकसलेली पेशी गप्प बसत नाही. मेदपेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये ते शोधलं. पेशी भरलेल्या असतील तर लेप्टिन जास्त आणि मेंदूला निरोप जातो, साठा आहे. रिकाम्या झाल्या की लेप्टिन घसरतं, मेंदूला दुष्काळ वाटतो. भूक वाढते आणि शरीर खर्चात काटकसर करतं. दुष्काळ पाहिलेल्या पूर्वजांना याच यंत्रणेने जगवलं. तुम्ही दोनदा त्या यंत्रणेशी एकट्याने झुंजलात.

तिसऱ्यांदा प्रयत्न कराल तेव्हा घाई करू नका, महिन्याला एक किलो पुरे. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडं किंवा मासे यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करा, म्हणजे जाईल ती चरबी जाईल, स्नायू कमी जाईल. आणि वजन उतरल्यावर "आता झालं" म्हणून सगळं सोडू नका. उतरल्यानंतरचं पहिलं वर्ष सर्वांत अवघड असतं. त्या वर्षात घरच्यांनी साथ द्यायला हवी. तुमच्या घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : माझे यजमान सडपातळ आहेत, वजन ६२ किलो. तरी त्यांना मधुमेह निघाला. चरबीच नाही तर असं कसं?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : चरबी असेल, दिसत नसेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं त्यांच्या गटाने मोजली तेव्हा ती सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी निघाली. स्नायू बेताचे, पण चरबी त्या मानाने राखलेली. आपल्याकडे हा प्रश्न पाळण्यापासून आहे.

चरबी कातडीखाली असते तोवर फारसा त्रास देत नाही. आतड्यांभोवती, यकृतात साठली की इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो. म्हणून काट्यापेक्षा टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही मर्यादा मानतात. समाधानाची गोष्ट अशी की चालायला लागलं की ही आतली चरबी लवकर प्रतिसाद देते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. श्वासातून कार्बन जातो हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल का? प्रयोगशाळा नाही.
— एक शिक्षिका, जत तालुका

उत्तर : येईल, आणि पाच रुपयांत. पानपट्टीवरून चुन्याची पुडी आणा. स्वच्छ पाण्याच्या लिटरभर बाटलीत चमचाभर चुना घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पांढरा गाळ आणि वर नितळ पाणी दिसेल, कधी वर पातळसा पापुद्राही धरतो. पापुद्रा बाजूला सारून वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्या. ही झाली चुन्याची निवळी. दोन ग्लासांत सारखी निवळी घ्या. एका मुलाला स्वस्थ बसवून नळीने एका ग्लासात संथ फुंकायला सांगा आणि निवळी दुधाळ व्हायला किती सेकंद लागले ते फळ्यावर लिहा. मग त्यालाच मैदानाला दोन फेऱ्या पळवून आणा आणि दुसऱ्या ग्लासात फुंकू द्या. वेळ कमी लागेल.

ते पांढरं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फळ्यावरचे काही खडू ज्याचे असतात तेच. ग्लास तासभर ठेवला की तळाशी चिमूटभर भुकटी बसते. मुलांना ती बोटावर न घेता फक्त बघू द्या. तिच्यातला कार्बन काल रात्री त्या मुलाच्या भाकरीत होता किंवा त्याच्या अंगावरच्या चरबीत.

फार वेळ फुंकत राहिलं तर पाणी पुन्हा नितळ होतं. मुलं गोंधळतील, त्यामुळे दुधाळ झालं की थांबवा. निवळी दाहक असते, डोळ्यांत जाऊ देऊ नका. नळी ओढायची नाही, फक्त फुंकायची, हे दोनदा सांगा. आणि फुंकणाऱ्या मुलाला नंतर साध्या पाण्याने चूळ भरायला लावा.